चाळीस स्पीडची ओवी

हाफिजभाई स्कूटरवरून पडले आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, ही बातमी कॉलनीत पोचली तेव्हा सावली महिला भजनी मंडळाच्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला, "आता पेटीचं काय?" हाताची चौकशी त्यानंतर झाली. हाफिजभाईंना हे मागाहून कळलं आणि ते त्यांना फार लागलं. कवठे महांकाळात घड्याळं दुरुस्त करता करता ते या मंडळाला पेटीची साथ करत आले होते आणि आपल्याला निदान पेटीइतका तरी मान आहे, अशी त्यांची समजूत होती.

पण बायकांचाही नाइलाज होता. सांगलीची जिल्हा महिला भजन स्पर्धा तोंडावर आलेली, तालुक्यातले बाकीचे पेटीवाले लग्नसराईत अडकलेले, आणि यंदा पहिल्यांदाच मंडळानं नेहमीचं भजन बाजूला ठेवून प्रियदर्शनीबाई कोळेकरांची ओवी घ्यायचं ठरवलेलं. ओवी त्यांच्या आईची, साळूबाईंची. साळूबाई जन्मभर मेंढरांमागं चालल्या आणि चालता चालता ओव्या जुळवत गेल्या. (लेकीचं नाव मात्र वडिलांनी ठेवलं. बाजारात मेंढरं विकायला गेलं असताना कानावर पडलेलं सगळ्यात लांब नाव पोरीला द्यायचं, असा त्यांचा निश्चय होता.) ओवी अशी होती:

कोरड्या माळावर, मेंढरं चालली,
पुढं माझा देव, मागं ऊन-सावली.

लग्न होऊन आल्यापासून प्रियदर्शनीबाईंनी ही ओवी भाकरी थापताना तेवढी म्हटली होती, चार माणसांत कधीच नाही. मंडळात विषय निघाला की कुणीतरी म्हणायचं, "ह्ये काय भजन हाय व्हय?" आणि विषय संपायचा. यंदा मंडळातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, टाळवाल्या धोंडुबाईंनीच सांगितलं, "म्हण बाय एकदाची. किती दिस पोटात ठेवशील?" आणि नेमका त्याच आठवड्यात हाफिजभाईंचा हात मोडला.

बैठक भरली ती बिरदेव टंकलेखन संस्थेच्या हॉलमध्ये. मल्हार कोळेकर सर हे या संस्थेचे संचालक, प्राचार्य, एकमेव शिक्षक, आणि प्रियदर्शनीबाईंचे यजमान. तालुक्यातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत जा, खुर्चीवरचा माणूस सरांच्या हाताखालून गेलेला असायचा. सर रागावले की पुस्तकी मराठी बोलत आणि घाबरले की गावची. त्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय हे कॉलनीत सगळ्यांना कळत असे, फक्त सरांना ते माहीत नव्हतं.

"पेटीबिगर काय तोंड घेऊन जायाचं सांगलीला?" धोंडुबाई म्हणाल्या. "नाव काडून घ्या."

प्रियदर्शनीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिल्या.

तेवढ्यात शेजारचे लालासाहेब बोलले. लालासाहेब फौजेत सिग्नलमध्ये होते, आणि ज्या बैठकीला आपल्याला बोलावलेलं नाही तिथं आपली सगळ्यात जास्त गरज असते, असं त्यांचं ठाम मत होतं. ते म्हणाले, "सर, तुमी एवढी पोरांची बोटं तयार करता, पन त्यातनं निसती खडखड निगती बघा. जरा सूर आला असता, तर आज कामाला आला असता."

बायका हसल्या. प्रियदर्शनीबाईसुद्धा किंचित हसल्या, आणि तेच सरांना झोंबलं.

"कळफलक हा कळफलक असतो," सर शुद्ध मराठीत म्हणाले. "ज्याची बोटं तयार आहेत त्याला कोणताही कळफलक वश होतो. पेटी मी वाजवीन."

प्रियदर्शनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक आहे की भीती, हे सरांना नीट ठरवता आलं नाही. भीती होती.

हाफिजभाईंची पेटी आणून सरांनी मांडीपुढं घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी तिच्यातला मूलभूत दोष शोधून काढला. एका हातानं भाता मारायचा म्हणजे वाजवायला उरतो एकच हात. आठही बोटं कळांवर, अंगठे मोकळे, नजर डावीकडच्या कागदावर, हे सरांचं आयुष्यभराचं तत्त्व. निम्मी फौज हवा मारायला लावणारं यंत्र त्यांना अशास्त्रीय वाटलं. त्यांनी पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत असलेल्या लेकीला, सोनियाला, फोन करून तसं कळवलं.

"मग कॉम्प्युटरवरच वाजवा की, बाबा," सोनिया म्हणाली. "ब्राउझरमध्ये चालणारा सिंथेसायझर असतो. काही इन्स्टॉल करायचं नाही. लिंक उघडायची, कीबोर्डच्या कळा दाबायच्या, सूर येतात. पेटीसारखा आवाजही लावता येतो."

"कळा आपल्याच?"

"आपल्याच. ए, एस, डी, एफ."

सरांना आपण पेटी नाकारली हे दूरदृष्टीचं होतं, असं वाटू लागलं.

लिंक उघडली. काळं पान आलं, त्यावर साखर कारखान्याच्या पॅनेलवर असावीत तशी गोल बटणं. सरांनी खुर्ची ओढली, पाठ ताठ केली, आठही बोटं ठेवली आणि नजर डावीकडच्या कागदावर वळवून सुरुवात केली. आवाज आला नाही. जोरात दाबून पाहिलं, तरी नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तिथंही तेच.

कॉलनीत सल्ल्याची टंचाई कधीच नसते. एकानं अर्थिंग तपासायला सांगितलं. धोंडुबाईंनी यंत्राला आधी नारळ फोडला होता का, विचारलं. लालासाहेबांनी "आवाज हाय, पन कमजोर हाय. लाइन वीक झाली की आमी फ्रंटवर ॲम्प्लिफायर लावायचो," असं निदान केलं आणि गणेश मंडळाच्या खोलीतून पोरांच्या नाचायच्या वेळचा मोठा बॉक्स हातगाडीवरून आणून जोडला. तरी आवाज नाही. लालासाहेबांनी बॉक्सचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. सर मान डावीकडे वळवून, आठ बोटं दाबून, स्थितप्रज्ञ बसून राहिले.

प्रियदर्शनीबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं. सरांच्या शिक्षणपद्धतीत पडद्याकडे पाहणं हा गुन्हा असल्यामुळे हे आधी कुणीच केलं नव्हतं.

"आवं, हितं लिवलंय की, सुरू कराय क्लिक करा म्हणून," त्या म्हणाल्या आणि माऊसचं बटण दाबलं. त्याच क्षणी सरांची आठही बोटं पुन्हा एकदम खाली आली.

पुढं जे झालं त्याला आवाज म्हणणं हा शब्दाचा दुरुपयोग होईल. धोंडुबाई घरी धावत जाऊन सिलिंडर बंद करून आल्या. पाण्याच्या टाकीवर चढलेला नगरपंचायतीचा माणूस वरूनच "काय झालं रं?" म्हणून ओरडू लागला. भिंतीवरचा सरांच्या सत्काराचा फोटो तिरका झाला. हाफिजभाईंनी दुकानातून फोन करून विचारलं, "कुनाचं काय फुटलं?" आणि पेटीचा सराव चालू आहे असं कळल्यावर त्यांच्या दुखऱ्या हाताला पहिल्यांदाच जरा आराम पडला.

बॉक्स परत गेला. हॉल रिकामा झाला. सर एकटे उरले आणि त्यांनी, कुणी ऐकत नाही याची खात्री करून, हलक्या हातानं टायपिंगचा पहिला धडा टाइप केला. ए, एस, डी, एफ, जी. हाच धडा त्यांनी हजारो पोरांकडून गिरवून घेतला होता.

सा, रे, ग, म, प.

सरांनी हात उचलला. पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. तालुक्यातले सगळे तलाठी, ग्रामसेवक आणि लेखनिक आपल्याकडे पहिल्याच दिवशी सारेगमप वाजवून गेले, आणि ते त्यांना कळलं नाही आणि आपल्यालाही नाही! सरांचे डोळे भरून आले. त्यांना फार बरं वाटलं, इतकं की त्यांनी प्रियदर्शनीबाईंना हाक मारून तो धडा ऐकवला. त्याही खूश झाल्या. "जमंल की हो तुमाला," त्या म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी भाकरी थापताना त्यांनी ओवी जरा मोठ्यानं म्हटली.

आवाज लावायला दुसऱ्या दिवशी हाफिजभाई आले. मोडका हात गळ्यात अडकवून ते परीक्षकासारखे बसले. "ह्येला भाता कुठं हाय?"

"भात्याची गरज नाही."

"मग जीव कुठनं येतो?"

"विजेतून."

"म्हंजी लाइट गेली की मेलं."

"लॅपटॉपला बॅटरी आहे!" सर शुद्ध बोलू लागले आहेत हे ओळखून हाफिजभाईंनी विषय बदलला. मग बटणं पिळता पिळता दुपार गेली. सूर किती धक्क्यानं सुरू व्हावा याचं एक बटण होतं, त्याचं नाव अटॅक. भजनात अटॅक शोभत नाही म्हणून सरांनी ते उलट्या टोकाला फिरवलं, तर कळ दाबल्यावर सूर इतका सावकाश उगवू लागला की तो येईपर्यंत माणूस दुसऱ्या कामाला लागेल. सूर किती वर-खाली करायचा त्याचं दुसरं बटण. प्रियदर्शनीबाईंची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी कळ धरून त्या गात. ते बटण फिरवून सरांच्या 'ए' या कळेवर त्यांचा सा बसवला. शेवटी हाफिजभाई मान हलवत म्हणाले, "पेटीवानी हाय. पेटी न्हवं, पन पेटीवानी." एवढं बोलतानाही त्यांना त्रास झाला.

यानंतर प्रियदर्शनीबाईंनी ओवी गुणगुणली, हाफिजभाईंनी तिचे सूर सांगितले आणि सरांनी ते टायपिंगच्या धड्यासारखे कागदावर उतरवून सरावाला सुरुवात केली. पहिली अडचण अंगठ्याची आली. शब्द संपला की सरांचा अंगठा आपोआप स्पेसबारवर पडे, आणि त्या वाद्यात तिथं दाबलं की आधीचे सूर थांबतच नसत. एकेका ओळीचं गाठोडं होऊन बसे. लालासाहेबांनी यावर दोन्ही अंगठे चिकटपट्टीनं तळहाताला बांधून टाकायचा उपाय केला. अंगठे बांधलेल्या अवस्थेत सरांना चहाचा कप धरता येईना, पण कलेसाठी त्यांनी तेही सोसलं.

दुसरी अडचण मोठी होती, आणि ती सरांना अडचण वाटतच नव्हती. सर फार वेगात वाजवत. टायपिंगमध्ये माणसाची किंमत दोनच गोष्टींवरून ठरते, स्पीड आणि चुका. सरांकडून मिनिटाला तीस शब्दांचा स्पीड घेऊन गेलेला पोरगा दिसला तर ते त्याला ओळख देत, चाळीसवाल्याला चहा पाजत. त्यांनी ओवी निर्दोष वाजवली, एकही चूक नाही, आणि प्रियदर्शनीबाई पहिल्या ओळीच्या 'माळावर' पोचतात तोवर सर शेवटच्या सावलीत जाऊन बसले.

"सर," हाफिजभाई म्हणाले, "ही मेंढरं चालत्यात का यष्टी धराय निगाल्यात?"

सर हसले. त्यांना ही तारीफ वाटली.

रोज संध्याकाळी हेच. प्रियदर्शनीबाई त्यांना गाठायला बघत. श्वास घ्यायची जागा सापडेना, आवाज चिरके, ओळ तुटे. सर घड्याळ बघून म्हणत, "कालच्यापेक्षा सुधारणा आहे." धोंडुबाईंचे टाळ एकमेकांना चुकवू लागले. आणि एका संध्याकाळी प्रियदर्शनीबाई मध्येच थांबल्या.

"मी न्हाई म्हणत," त्या म्हणाल्या. "नेहमीचं भजन घ्या. त्याला पळवलं तरी चालतंय."

"अगं, पण आता तर जमत आलंय!"

"ही आईची ववी हाय. ती चालता चालता म्हणायची, एकेक पाऊल टाकत. चार लोकांत एकदा बिघडली ना, तर माझ्या तोंडात ती पुन्यांदा यायची न्हाई. घरातबी न्हाई." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही.

सरांना बोलायचं होतं, पण शुद्ध की गावचं हे ठरेना. बायको रडली याचं वाईट वाटलं, आणि आपल्या निर्दोष वादनामुळे रडली याचं जास्त वाटलं. सकाळी उठल्यावर त्यांनी कबूल केलं, "मी हळू वाजवतो. शपथेवर सांगतो. तू म्हण." प्रियदर्शनीबाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे बघून मान डोलावली. मग लालासाहेब मागं उभे राहून परेडची पावलं मोजू लागले. "लेफ्ट! राइट! धीरे चलो, सर, धीरे चलो! दुश्मन पाठीमागं न्हाई!" स्पीड चाळीसवरून पस्तिसावर आला. त्याखाली सरांची बोटं काही उतरेनात.

त्यातच कुणीतरी नियमावली वाचून दाखवली. साथीला फक्त पारंपरिक वाद्यं. सर तडक सांगलीला स्पर्धेच्या कार्यालयात गेले. टेबलामागचा लेखनिक उभाच राहिला. "सर!" तो सरांचा कवठ्याचा जुना विद्यार्थी निघाला. सरांनी आशीर्वाद द्यायला हात वर केला आणि त्यांचं लक्ष त्याच्या कीबोर्डकडे गेलं. पोरगा दोन बोटांनी, शोधून शोधून टाइप करत होता. सर कशाला आलो ते क्षणभर विसरले.

"सर, अर्जात टाळ, मृदंग, तंबोरा आन् पेटी एवढंच हाय," पोरगा ओशाळून म्हणाला. "ब्राउझर असा रकाना न्हाई."

"मग रकाना वाढवा."

"त्याला समितीची बैठक लागती. ती स्पर्धा झाल्यावर हाय." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "सर, दिसाय पेटी असली तर मी पेटी लिवतो. ऐकाय मी नसतोच, मी खाली पास वाटाय असतो."

सरांच्या सचोटीला हे रुचलं नाही. त्यांनी अर्जावर 'पेटी' या शब्दापुढं स्वतःच्या अक्षरात 'आधुनिक' असं लिहिलं आणि मनाचं समाधान करून घेतलं.

आता दिसायला पेटी हवी. हाफिजभाईंच्या माळ्यावर एक मोडकी पेटी होती. आतल्या पट्ट्या काढल्या, सरांचा सरावाचा लॅपटॉप बसवला, पडदा झाकणासारखा मागं टेकवला, आणि कळांखालचा भाग उघडा दिसू नये म्हणून हाफिजभाईंनी डाव्या हातानं एक फळी बेतून खिळ्यांनी ठोकली. बोट फिरवून बाण हलवायची जी चौकट असते, ती त्या फळीखाली गेली. याकडं कुणाचंच लक्ष गेलं नाही. भाता तसाच ठेवला, आणि तो मारायला स्वतः हाफिजभाई बसणार असं ठरलं. "माझ्या हवेबिगर मंडळ ह्यापूर्वी कवा गायलं न्हाई," ते म्हणाले. ती हवा कुठंच जाणार नव्हती, हे सांगायचा धीर कुणाला झाला नाही.

स्पर्धेच्या दिवशी सगळे वडापच्या, माणशी भाडं घेणाऱ्या जीपमधून दुपारी सांगलीत पोचले. सभागृह भरलेलं. मंडळाचं नाव पुकारलं. एका पेटीवर दोन माणसं बसलेली पाहून परीक्षकांनी एकमेकांकडं पाहिलं, तेव्हा पहिल्या रांगेतून लालासाहेबांनी उभं राहून "डबल क्रू, साहेब!" असा खुलासा केला. सरांनी फोनवरून इंटरनेट जोडलं, फळी ठोकायच्या आधीच उघडून सुरू करून ठेवलेलं पान समोर आहे याची खात्री केली, अंगठे तळहाताला बांधले. शेजारी हाफिजभाई भाता मारू लागले, चेहरा अगदी गंभीर. प्रियदर्शनीबाईंनी सरांकडे बघून हळूच सांगितलं, "हळू हां."

सरांनी सुरुवातीचे सूर वाजवले, पस्तिसात, आणि ओवीच्या आधी डाव्या करंगळीनं 'ए' दाबून सा धरला. त्याच वेळी पुण्यात सोनियाला वाटलं, बाबांना शुभेच्छा द्याव्यात. सरावाच्या दिवसांत बापलेक याच लॅपटॉपवर बोलत, म्हणून तिनं व्हिडिओ कॉल तिथंच लावला.

पडदाभर सोनियाचा हसरा फोटो आला. किणकिण वाजू लागली. धोंडुबाईंना ती कुणाच्या तरी टाळांची वाटली आणि त्यांनी टाळ तिच्याबरोबर जुळवून घेतले. किणकिण थांबली, फोटो गेला नाही. सरांनी करंगळी उचलली. सा थांबला नाही. त्यांनी एस दाबलं, डी दाबलं, मग सगळंच दाबलं. काही नाही. वाद्याचं पान सोनियाच्या मागं गेलं होतं, करंगळी उचलल्याचं त्याला कळलंच नव्हतं, आणि त्या पानावर परत जायला लागणारी चौकट हाफिजभाईंच्या फळीखाली खिळ्यांनी बंद होती. सा संथपणे चालू राहिला.

"आयला, ह्ये थांबंना की वं," सर गावच्या बोलीत पुटपुटले.

हाफिजभाईंचा हात घाबरून थांबला. भाता बंद, पेटी चालू. लालासाहेब पुढून दबक्या आवाजात ओरडले, "भाता! हाफिजभाई, भाता!" हाफिजभाईंनी पुन्हा भाता सुरू केला, तोवर एका परीक्षकानं चष्मा पुसून परत लावला होता.

प्रियदर्शनीबाईंनी वळून पाहिलं. सरांनी दोन्ही हात वर करून दाखवले, रिकामे, अंगठे बांधलेले. आता सगळं बुडालं, असं त्यांना मनापासून वाटलं. आईची ओवी आपल्या बोटांनी घालवली. ते बायकोकडे बघूही शकत नव्हते.

प्रियदर्शनीबाईंच्या कानात त्यांचा सा चालू होता, तो कुठंही पळत नव्हता. त्यांनी डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि सुरुवात केली.

"कोरड्या माळावर..." आणि त्या थांबल्या. खूप वेळ थांबल्या. सरांची बोटं सवयीनं पुढच्या सुराकडे धावली, पण तिथं काही वाजतच नव्हतं. मग दुसरं पाऊल टाकावं तशी त्यांनी ओळ पुढं नेली, "मेंढरं चालली..." आवाज कुठं चिरकला नाही, कुठं धापला नाही. तो रुंद होता, उन्हात तापलेला होता, आणि सरांनी तो आयुष्यात कधी ऐकला नव्हता. घरात भाकरीच्या थापांमागून जो यायचा तो हाच, हे त्यांना पटेना. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. धोंडुबाईंनी टाळ मांडीवर ठेवून दिले. दुसऱ्या ओळीवर, "पुढं माझा देव" म्हणताना, प्रियदर्शनीबाईंनी हात किंचित पुढं केला, समोर खरंच कुणी चालत असल्यासारखा. सरांना फार अभिमान वाटला आणि त्याहून जास्त लाज वाटली. या बाईला आपण पस्तिसाच्या स्पीडनं हाकत होतो.

ओवी संपली. टाळ्या पडल्या. सा संपला नाही. हाफिजभाईंनी भाता सोडून नमस्कार केला तरी सा चालूच, आणि लालासाहेब व सर मिळून ती पेटी रडणारं पोर बाहेर न्यावं तशी उचलून विंगेत घेऊन गेले. पायऱ्यांवरून खालपर्यंत तिचा आवाज येत राहिला.

मंडळाला क्रमांक मिळाला नाही. एका परीक्षकांनी शेरा दिला होता की या पेटीबद्दल समितीनं कधीतरी बसून विचार करावा. उत्कृष्ट गायिका म्हणून मात्र सौ. प्रियदर्शनी कोळेकर यांचं नाव पुकारलं गेलं, आणि ते लांब नाव माईकवर फार शोभून दिसलं. मुख्य परीक्षक बाई भाषणात म्हणाल्या, "साथ कशी असावी हे यांच्याकडून शिकावं. एकच सूर धरला आणि गाणाऱ्या बाईंच्या मध्ये एकदाही लुडबूड केली नाही. कोण होते ते?" सर उभे राहिले. सगळा सराव, सगळी बोटं, सगळा स्पीड, आणि कौतुक झालं ते हात वर करून बसल्याचं. त्यांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण लालासाहेबांनी शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं.

परतीच्या जीपमध्ये संध्याकाळचं ऊन तिरपं येत होतं. मिरज मागं पडली. धोंडुबाई भडंगाचा पुडा सगळ्यांना फिरवत होत्या, हाफिजभाई खिडकीला टेकून झोपले होते.

"एवढी वर्षं झाली," सर म्हणाले, शुद्धही नाही आणि गावचंही नाही, "तू असं गातीस हे मला माहीत नव्हतं."

"तुमी कवा थांबला व्हता?" प्रियदर्शनीबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

सरांनी अंगठ्याला उरलेला चिकटपट्टीचा तुकडा सोलून काढला आणि विचारलं, "आईच्या अजून हायत का वव्या?"

"लय हायत. पन सावकाश म्हणाय लागत्यात."

"म्हण."

"हितं? जीपमधी? आन् पेटी?"

"पेटी राहू दे," सर म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घालून दाबून धरले. प्रियदर्शनीबाईंनी खिडकीबाहेरच्या माळाकडं पाहिलं आणि पहिली ओळ सुरू केली.